हिरोज: तपासणीच्या कागदपत्रांसाठी भरवशाची, पण कष्ट न वाचवणारी प्रणाली
अमेरिकेच्या गृहनिर्माण व नगरविकास विभागाच्या निधीतून घरे बांधायची असल्यास तो निधी गुंतवण्याआधी पर्यावरणीय तपासणी पूर्ण करावी लागते, आणि तिची कागदपत्रे तयार करण्यासाठी या विभागाची हिरोज ही ऑनलाइन प्रणाली मला उपयुक्त वाटते. पूरक्षेत्र, ऐतिहासिक वास्तू, दूषित जमीन अशा मुद्द्यांवर ती क्रमाने प्रश्न विचारते, त्यामुळे एखादा कायदा नजरेतून सुटण्याची भीती कमी होते. आवाजाचेच पाहा: दिवसरात्रीची सरासरी पातळी ६५ डेसिबलपर्यंत असेल तर तो मुद्दा तिथेच मिटतो, त्यापुढे मात्र उपाययोजनांचा विचार करावा लागतो. नकाशे व पत्रव्यवहार मात्र आपणच जमवून जोडायचे असतात, आणि बहुतेक वेळ (प्रश्नावली कितीही सुटसुटीत असली तरी) त्यातच जातो.