भातखाचरातली पाणीनळी: उन्हाळी भाताला घ्याच

खाचरात जमिनीखाली पाणी किती उतरलंय ते दाखवणारी ही 30 सेंमी लांब, 15 सेंमी व्यासाची पीव्हीसी नळी. भोकं फक्त खालच्या 20 सेंमीत हवीत, तेवढाच भाग जमिनीत गाडायचा. आत शिरलेला चिखल हाताने उपसा, नाहीतर पातळी दिसणारच नाही. 10 सेंमीच्या नळीत हात जात नाही, म्हणून मोठीच बरी. बांधालगत बसवू नका, तिथली पातळी फसवी असते.

लावणीनंतर दोन आठवड्यांनी नळी बघून पाणी द्यायला सुरुवात करा. नळीतलं पाणी जमिनीखाली 15 सेंमी उतरलं की खाचरात 5 सेंमी पाणी द्या. मधल्या काळात मातीत हवा खेळते, मिथेन (हवामान तापवणारा वायू) बनवणारे जीवाणू मंदावतात आणि मिथेन जवळपास निम्म्यावर येतो. फुलोऱ्याच्या आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत मात्र पाणी उभंच ठेवा, ताण बसला तर पळंज, म्हणजे पोकळ दाणे, वाढते. भर पावसात या नळीचा उपयोग थोडाच.