कादंबरी स्वतः प्रकाशित करताना : किंडल आणि छापील आवृत्तीचा अकरा महिन्यांचा अनुभव

कृष्णाकाठच्या एका गुऱ्हाळघरावरची माझी पहिली कादंबरी मी अकरा महिन्यांपूर्वी ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंग (केडीपी) या सेवेवर ई-बुक म्हणून प्रकाशित केली आणि त्यानंतर तीन महिन्यांनी तिच्या ३०० प्रती स्वखर्चाने छापून घेतल्या. हाच मार्ग धरू पाहणाऱ्या मराठी लेखकांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो : ई-बुकची सोय अवश्य वापरावी, मात्र हातात जे थोडे पैसे असतील ते प्रसिद्धीच्या आधी मुद्रितशोधनावर खर्च करावेत.

असे म्हणण्याचे कारण माझ्या हस्तलिखितातच होते. पहिला खर्डा मी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिहिला होता, आणि किंडलला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, लागतो. रूपांतर करणाऱ्या साधनातून फाइल बाहेर आली तेव्हा वरवर पाहता ती ठीक वाटली, परंतु वाचायला बसल्यावर लक्षात आले की ज्या शब्दावर सगळी कादंबरी उभी आहे तो ‘गुऱ्हाळ’ हा शब्दच प्रत्येक पानावर ‘गुर्हाळ’ झाला होता. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ आणि ‘कऱ्हाड’चे ‘कर्हाड’ झाले होते. घाईने मी सगळीकडे एकदम बदल करण्याची आज्ञा दिली, तर ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ यांच्यातला योग्य जागचा रफारही गेला. आपल्या भाषेत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन, आणि हा भेद कोणतेही यंत्र आपल्यासाठी अर्थ पाहून करत नाही. शेवटी निवृत्त मराठी शिक्षिका असलेल्या एका बाईंनी संपूर्ण मजकूर ओळीवर पट्टी ठेवून दोनदा वाचला. १९६२ साली शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर त्यांना तोंडपाठ होती, पण त्याहून मोलाचे म्हणजे पात्रांच्या तोंडची बोली त्यांनी जशीच्या तशी राहू दिली. या कामाला सात आठवडे लागले, आणि संपूर्ण प्रवासात मला सर्वाधिक समाधान देणारा खर्च हाच होता.

किंडलवर पुस्तक चढवणे त्या मानाने सोपे गेले. मुखपृष्ठासाठी २५६० × १६०० पिक्सेलचे चित्र सुचवले जाते, ई-बुकला आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) सक्तीचा नाही, आणि फाइल दिल्यानंतर साधारण ७२ तासांच्या आत पुस्तक विक्रीला येते. मानधनाचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. ३५ आणि ७० टक्के असे दोन दर आहेत, आणि भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत घालावे लागते. शिवाय या दरात फाइलच्या आकारानुसार प्रति एमबी ७ रुपये वितरणखर्च वजा होतो. म्हणून मी आतली रेखाचित्रे काढून टाकली. ज्या महिन्यात विक्री होते तो संपल्यानंतर सुमारे ६० दिवसांनी पैसे खात्यात येतात, तेव्हा पहिल्या तिमाहीत काही मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

या योजनेची खरी अडचण प्रसिद्धीच्या वेळी जाणवते. ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत ई-बुकचा मजकूर इतर कोठेही डिजिटल स्वरूपात देता येत नाही. नमुना म्हणून फार तर १० टक्के देता येतो, छापील पुस्तकाला मात्र ही अट लागू नाही. मराठी वाचकाला दिवाळी अंकांपासून प्रतिलिपीपर्यंत क्रमशः आणि अंकाअंकाने वाचायची सवय आहे, आणि प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनमंचावर प्रकरणे टाकून वाचक जमवण्याचा माझा बेत त्यामुळे सोडून द्यावा लागला. मोबदल्यात मुदतीत ५ दिवस पुस्तक मोफत ठेवता येते. पहिल्या मुदतीत मी ते पाचही दिवस सलग वापरले. डाउनलोड बरेच झाले, पण कोणी वाचल्याची खूण दिसली नाही. पुढच्या वेळी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, फक्त दोन दिवस मोफत ठेवले आणि ज्या चार वाचनगटांना पहिले प्रकरण आधीच पाठवले होते त्यांनाच कळवले, तेव्हा शारजा आणि इंदूर येथून वाचकांची सविस्तर पत्रे आली. माझा भाचा घरातल्या सगळ्यांकडून पाच तारे देववणार होता. कुटुंबीयांचे अभिप्राय नियमात बसत नाहीत, आणि मला ते नकोही होते. प्रसिद्धीचे ‘पॅकेज’ देणाऱ्या एका संस्थेकडून मी समाजमाध्यमांवरची जाहिरातही घेतली होती. त्यातून एकही प्रत विकली गेल्याचे आढळले नाही.

छापील आवृत्तीसाठी राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून आयएसबीएन विनाशुल्क मिळाला. पुस्तक डेमी आकाराचे, २०८ पानांचे, म्हणजे सोळा पानांचे बरोबर १३ फॉर्मे. मजकूर मूळचा २१४ पानांचा होता, तो कापून बसवला, आणि त्या कापणीने शेवटची दोन प्रकरणे सुधारली. बांधणीत चाळीस प्रतींमध्ये आठवा फॉर्मा दोनदा आणि नववा गायब झाला होता. छापखान्याने त्या प्रती बदलून दिल्या, परंतु तोवर सहा प्रती वाचकांच्या हाती गेल्या होत्या. गठ्ठा उघडल्यावर प्रत्येक प्रत चाळून पाहावी, हे मी त्या सहा जणांची क्षमा मागितल्यानंतर शिकलो. १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवण्याची जबाबदारी प्रकाशक म्हणून लेखकावरच येते, तिचाही खर्च धरून ठेवावा.

छापील प्रती खपल्या त्या मुख्यतः तालुक्याच्या गावांतल्या सार्वजनिक वाचनालयांमुळे. मी स्वतः जाऊन ग्रंथपालांना एकेक प्रत वाचायला दिली आणि विकत घ्या असे म्हटले नाही. ज्यांनी वाचली, त्यांनीच पुढे मागवली. अशाच एका वाचनालयातून पुस्तक नेलेल्या, तीस वर्षे गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, म्हणून काम केलेल्या आजोबांनी मला दूरध्वनी केला. मी लिहिले होते की नायकाचा बाप पाकाचा रंग पाहून काहील, म्हणजे रस उकळण्याची मोठी कढई, उतरवायला सांगतो. ते म्हणाले, “रंगानं फसगत होती बाळा. पाक पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळली की मग काहील उतरायची.” त्याच रात्री मी तो परिच्छेद नव्याने लिहिला आणि ई-बुकमध्ये बदल करून टाकला. दोन दिवसांत नवा मजकूर विक्रीला लागला, ज्यांनी पुस्तक आधीच घेतले होते त्यांच्याकडे मात्र तो आपोआप पोहोचत नाही. ई-बुकचा सर्वांत मोठा गुण मला विचाराल तर हाच आहे, आणि त्यासाठी मी त्याच्या बाकीच्या अटी मान्य करतो.

३०० पैकी आता ६२ प्रती शिल्लक आहेत. त्यांतल्या प्रत्येकीत १३७ व्या पानावर दुरुस्तीची छोटी चिठ्ठी चिकटवून मगच ती देतो. दुसऱ्या छपाईची फाइल तयार आहे, आणि त्या शिक्षिका बाईंकडे ती तिसऱ्या वाचनासाठी गेली आहे.