आठ महिने टेबलावर: एडी९८३३ आणि नॅनोवर बनवलेला वेव्हफॉर्म जनरेटर

पाडव्याला बनवलेला, हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा चाचणी सिग्नल देणारा हा डबा दिवाळी उलटली तरी सांगलीतल्या माझ्या रिपेअरिंगच्या टेबलावर रोज चालू असतो. आधी अँप (अँप्लिफायर) तपासायला ५५५ या टायमर आयसीची चौकोनी लाट वापरायचो. मग डिस्टॉर्शन अँपचं की माझ्याच सिग्नलचं, हे कळायला मार्ग नसायचा.

आत अर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, लाट तयार करणाऱ्या एडी९८३३ चिपचं तयार मॉड्यूल, आकडा बदलायला फिरवायचा एन्कोडर आणि छोटा डिस्प्ले. चिपचा क्लॉक २५ मेगाहर्ट्झ, फ्रिक्वेन्सीचा रजिस्टर (आकडा ठेवायची जागा) २८ बिटांचा, म्हणजे एक पायरी साधारण ०.०९३ हर्ट्झची. तीन तारांवरून आकडा पाठवला की साइन, त्रिकोणी, चौकोनी, हवी ती लाट हजर. एवढं एका रविवारात झालं आणि मला वाटलं, झाला जनरेटर!

पण चिपमधून साइन निघते जेमतेम ०.६ व्होल्टची, तीही शून्याच्या वर बसलेली. ती वाढवायला, ड्रॉवरमध्ये पडला होता म्हणून, एलएम३५८ हा ऑपअँप (सिग्नल मोठा करणारा आयसी) लावला. २० किलोहर्ट्झला ८ व्होल्ट पीक-टू-पीक मागितले, तर ऑसिलोस्कोपवर साइनचा चक्क त्रिकोण. दोन रात्री मी कोड चाळत बसलो! कोड बिचारा बरोबर होता. एवढ्या साइनला मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुट बदलण्याचा वेग, लागतो आणि ३५८ देतो ०.३ च्या आसपास. टीएल०७२ हा दुसरा ऑपअँप देतो १३. तो लावला, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२-७९१२ या व्होल्टेज रेग्युलेटरांची जोडी दिली, तेव्हा कुठे लाट सरळ झाली. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवताना येणारी घरघरही त्यातच गेली.

चौकोनी लाट मात्र चिपमधून थेट ५ व्होल्टची येते. तिलाही साइनइतक्याच पटीने वाढवलं तर ऑपअँप सप्लायला टेकतो. तिला मी वेगळं सॉकेट दिलंय.

फ्रिक्वेन्सी बदलली की स्पीकरमध्ये टक आवाज यायचा. माझा कोड दर वेळी चिप रिसेट करत होता. आता नवा आकडा दुसऱ्या रजिस्टरमध्ये भरतो आणि मग तिकडे वळतो, टक गेली.

गणपतीच्या घाईत एका मंडळाचा अँप तपासताना प्रोब चुकून डीसी असलेल्या जागी लागला आणि ०७२ गेला. तेव्हापासून आउटपुटला कपॅसिटर आणि ४७० ओहम कायमचे. बेसवर बसवलेला आयसी बदलायला मिनिटही लागत नाही, एवढी अक्कल सुदैवाने आधीच होती.

मिरजेचे एक तंबोरे बनवणारे काका ‘काळी एक’ पट्टीचा स्वर मागायला आले. १३८.५९ हर्ट्झ लावला. साइन ऐकून म्हणाले, “हा कानात धरताच येईना रे.” त्रिकोणी लावली तर लगेच तार जुळवायला घेतली. साइनमध्ये मूळ स्वराखेरीज काहीच नसतं, त्रिकोणीत वरचे विषम स्वरांश असतात, त्यांच्यावर कान टेकतो. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नसतं.

या मॉड्यूलच्या मेगाहर्ट्झच्या जाहिरातीला भुलू नका. ५ मेगाहर्ट्झला एका आवर्तनात पाचच बिंदू मिळतात, त्याला फिल्टरशिवाय साइन म्हणवत नाही. माझं सगळं काम २० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झमध्ये भागतं.

सध्या एकच तक्रार आहे. व्होल्टेज कमी-जास्त करायचा साधा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) खरखरायला लागलाय. या रविवारी तो बदलायचाय.