बास्केटबॉलमधल्या ड्रिबलिंगचा सराव: जागेवर, दोन बॉलनी, की समोर डिफेंडर घेऊन?

ड्रिबलिंगसाठी, म्हणजे बॉल जमिनीवर टप्पे देत खेळवण्याच्या सरावासाठी, रोज अर्धा तास मिळतो, अर्धं कोर्ट मिळालं तर मिळालं, आणि मोबाइलवर ड्रिल्सचे व्हिडिओ ढिगाने. यातलं काय निवडायचं हे ठरवण्याआधी एवढंच आठवा, की मॅचमध्ये बॉल तुमच्या हातून जातो तो कसा? स्वतःच्याच पायाला लागून, खाली बघत राहिल्यामुळे, की समोरच्याने हात घालून काढून घेतल्यामुळे? या तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

पायाला लागत असेल, टप्पा कधी गुडघ्यापर्यंत तर कधी छातीपर्यंत येत असेल, तर जागेवरचे ड्रिल्स. पाउंड ड्रिबल (एकाच जागी बॉल जोरात आपटणं), पायांमधून आठचा आकडा, क्रॉसओव्हर (बॉल समोरून एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे नेणं). अमेरिकी बास्केटबॉलपटू पीट मॅराविचकडून त्याच्या वडिलांनी, म्हणजे कोच प्रेस मॅराविच यांनी, लहानपणीच असले प्रकार घोटून घेतले होते. पाउंड ड्रिबलमध्ये जोर महत्त्वाचा: जोरात आपटलेला बॉल लवकर हातात परत येतो, आणि तो हाताबाहेर जितका कमी वेळ राहील तितकी चोरीची संधी कमी. बॉल बोटांनी दाबायचा, तळव्याने थापटायचा नाही. यासाठी जोडीदार लागत नाही, पावसाळ्यात पार्किंगमध्येही जमतं (खालच्या मजल्यावरच्यांची झोप सांभाळून). तोटा असा की हे लवकर जमतं आणि दिसायला भारी दिसतं, त्यामुळे लोक वर्षानुवर्षं त्यातच रमतात.

खाली बघायची सवय मोडायला दोन बॉल बरे. दोन टप्प्यांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही, म्हणून मान आपोआप वर येते. शिवाय डावा हात कच्चा असेल तर तो लपत नाही. अमेरिकी खेळाडू स्टीफन करीचा मॅचआधीचा दोन बॉलचा सराव बघायला प्रेक्षक मुद्दाम लवकर येऊन बसतात. दोन्ही बॉल एकत्र आपटणं त्यामानाने सोपं; एक वर, एक खाली असं आलटून पालटून करा, मग खरं कळतं. पण मॅचमध्ये दुसऱ्या हाताचं काम बॉल आपटण्याचं नसून आडवा राहून बॉलला आडोसा देण्याचं असतं. दोन बॉलच्या सरावात नेमकं तेच राहून जातं. दुसरा बॉल नसेल तर एका हाताने ड्रिबल करत दुसऱ्या हाताने टेनिस बॉल भिंतीवर टाकून झेला. नजर वर ठेवण्याचं काम त्यानेही होतं.

प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, लावून त्यांच्यामधून नागमोडी पळण्याला मी सगळ्यात खालचा नंबर देईन. कोन हात घालत नाही आणि पुढची चाल ओळखत नाही. वेग बदलणं आणि अचानक थांबणं शिकण्यापुरता ठीक.

बॉल काढून घेतला जात असेल, तर मात्र समोर माणूस हवाच. साइडलाइनपासून तीन-चार पावलं रुंद पट्टा ठरवा. एका बेसलाइनवरून (बास्केटखालच्या टोकाच्या रेषेवरून) निघायचं आणि पट्टा न सोडता आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची. आठ सेकंदांची ही मर्यादा फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमातलीच, त्यामुळे घाई खोटी वाटत नाही. पहिले काही दिवस डिफेंडरचे हात पाठीमागे, त्याने फक्त पायांनी वाट अडवायची. नंतर हात मोकळे. हुलकावणी कधी द्यायची हे इथेच कळतं: त्याचा पुढचा पाय कोणता, वजन कुठे कललंय, हे भिंतीसमोर उभं राहून समजत नाही. अडचण दोन. तोडीचा जोडीदार मिळायला हवा, आणि हात फारच कच्चा असेल तर खेळाडू पाठ फिरवून मागे मागे सरकायलाच शिकतो.

म्हणून अगदी नवख्याने अर्ध्या तासातली वीस मिनिटं जागेवर, उरलेली दोन बॉलना द्यावीत. शाळेच्या किंवा क्लबच्या टीममध्ये खेळणाऱ्याने, विशेषतः गार्डने (बॉल पुढे आणणाऱ्याने), हे प्रमाण उलटवावं: दहा मिनिटं हात गरम करायला, बाकी सगळा वेळ वन ऑन वन, म्हणजे समोर डिफेंडर घेऊन. उंच सेंटरने (बास्केटजवळ खेळणाऱ्याने) मोठे क्रॉसओव्हर शिकण्यात वेळ घालवू नये; पाठीशी डिफेंडर असताना दोन टप्प्यांत बास्केटकडे वळणं त्याला जास्त कामाचं.

आणि बॉल योग्य मापाचा घ्या. पुरुषांसाठी सात नंबर, महिलांसाठी सहा, लहान मुलांसाठी पाच. थ्री-ऑन-थ्री (दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू) खेळत असाल तर तिथला बॉल सहा नंबरच्या आकाराचा पण सात नंबरच्या वजनाचा असतो, तेव्हा सराव त्यानेच करा. दहा वर्षांच्या मुलाला ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून सात नंबर घेऊन देणारे पालक बरेच भेटतात. तो बॉल त्याच्या हातात मावत नाही, मग तो तळव्यानेच थापटतो, आणि ती सवय पुढे मोडायला फार जड जाते.