नवतपा सोसणारं भांडं: गच्चीवरच्या भाजीला ग्रो बॅग, अर्धा ड्रम की विटांचा वाफा?

नागपुरात जुलैत लावलेली भेंडी आणि नोव्हेंबरात पेरलेली मेथी कशातही येते. तेलाच्या डब्यात येते, फुटक्या बादलीत येते. म्हणून गच्चीसाठी भांडी घेताना पावसाळा-हिवाळ्याचा विचार करू नका, पाडव्यानंतरच्या अडीच महिन्यांचा करा, त्यातही २५ मेपासूनच्या नवतप्याचा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांचा. पारा ४५ च्या आसपास, संध्याकाळी सातलाही स्लॅबवर अनवाणी उभं राहवत नाही, आणि नेमकं त्याच दिवशी घरातले सगळे लग्नाला गेल्यामुळे एक वेळचं पाणी चुकतं. त्या दिवशी झाड वाचेल की नाही, हे मुळांभोवती किती लिटर माती आहे यावर ठरतं. खताचा, बियाण्याचा आणि औषधाचा नंबर त्यानंतरचा.

हिशेब सोपा आहे. वांग्याचं भरलेलं झाड मेमध्ये दिवसाला साधारण तीन-चार लिटर पाणी ओढतं. हलक्या, खतवाल्या मिश्रणात झाडाला घेता येईल असं पाणी मातीच्या आकारमानाच्या पाचवा ते चौथा हिस्सा मावतं. १२×१२ इंचाच्या बॅगेत जेमतेम १८ लिटर माती बसते, म्हणजे पाणी चार लिटर. सकाळचं पाणी चुकलं की संध्याकाळपर्यंत झाडाने मान टाकलीच. १५×१२ ची बॅग (१५ इंच व्यास, १२ इंच उंची) ३० लिटर घेते, तिच्यात दीड दिवसाची सोय होते. २०० लिटरचा ड्रम मधोमध कापला तर प्रत्येक अर्ध्यात सुमारे १०० लिटर माती, आणि त्यात दोनच झाडं लावली तर तीन दिवस निभावतात.

मग सगळ्यांनी ड्रमच घ्यावेत का? नाही, कारण स्लॅब.

आधी स्लॅबला विचारा

आयएस ८७५ (भाग २) या भारतीय मानकानुसार, ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरतात. जिथे जायची सोयच नाही अशा गच्चीला त्याच्या निम्मा. हा आकडा सबंध स्लॅबवर पसरलेल्या वजनाचा आहे, त्यामुळे एखादा जड ड्रम ठेवल्याने लगेच काही होत नाही. पण मध्यावर दहा ड्रम एका रांगेत लावले तर ती वेगळी गोष्ट झाली.

ओल्या हलक्या मिश्रणाचं वजन लिटरमागे किलोच्या जरा वर धरा. वावरातली ओली काळी माती त्याच्या दीडपट तरी भरते. म्हणजे १५×१२ ची बॅग ३०-३५ किलो, अर्धा ड्रम ११० किलोच्या घरात. विटांच्या ४×३ फुटांच्या वाफ्यात ७ इंच मिश्रण भरलं तर सुमारे २०० लिटर, आणि विटा धरून सगळं मिळून सव्वातीनशे किलोवर जातं. बाहेरच्या मापाने भागलं तरी चौरस मीटरला सव्वादोनशे किलो होतात. त्यामुळे ड्रम आणि वाफे नेहमी बीमवर किंवा खालच्या भिंतीच्या रेषेवर, कठड्यालगत घ्यायचे. घर जुनं असेल, छताला खालून ओल किंवा भेगा दिसत असतील, तर वाफ्याचा विचार इंजिनिअरने बघितल्याशिवाय करूच नका. बॅगा मात्र हात-दीड हात अंतराने पसरून ठेवता येतात. भाड्याच्या घरात किंवा फ्लॅटच्या सामायिक गच्चीवर तोच पर्याय शहाणपणाचा, कारण सोसायटीने उद्या हटवायला सांगितलं तर दोघांत उचलता येतात.

ग्रो बॅग

जाडी बघून घ्या. २२० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) खालची घेऊ नका आणि यूव्ही-संरक्षित आहे ना ते विचारा. साधी पिशवी नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते आणि उचलताना कडेची शिवण हातात येते. चांगली बॅग तीन-चार वर्षं टिकते. बाहेरून पांढरी असेल तर उत्तम, कारण हिरवी-काळी बॅग पश्चिमेच्या उन्हात इतकी तापते की त्या बाजूची मुळं भाजून निघतात. हवा खेळती राहते म्हणून फेल्टसारख्या कापडी बॅगांचं खूप कौतुक होतं. दमट हवेत ते खरंही आहे, पण इथल्या कोरड्या मेमध्ये त्यांच्या चारही बाजूंनी पाणी उडून जातं. त्या हिवाळ्यापुरत्या ठेवा.

१५×१२ मध्ये एक वांगं किंवा एक टमाटर किंवा दोन भेंड्या. चार लावल्या तर चारही खुरटतात. पालक, मेथी, सांबारासाठी (कोथिंबिरीसाठी) २४×९ ची पसरट बॅग घ्या, कारण त्यांना खोली लागत नाही, जागा लागते. जुन्या कूलरची टाकीही याच कामाला येते. फक्त पत्रा तापतो म्हणून ती ऑक्टोबर ते फेब्रुवारीच वापरायची.

बॅगेचं खरं दुखणं उन्हाळ्यात कळतं. मिश्रण एकदा कडक वाळलं की आकसतं आणि बॅगेच्या भिंतीपासून सुटतं. वरून तांब्याभर पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि चार-पाच सेकंदांत भोकांतून बाहेर येतं. खालून पाणी आलं म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि आतला गड्डा मात्र कोरडाच असतो. वाळलेलं कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) पहिल्या झटक्यात पाणी धरत नाही. बोट दोन पेरं खोल घालून बघा. कोरडं लागलं तर बॅग टबात अर्धा तास बुडवून ठेवा, किंवा दहा-दहा मिनिटांनी तीनदा थोडं थोडं पाणी द्या. कडेची फट काडीने उकरून बुजवायला विसरू नका.

टमाटरचं बूड काळं पडतं तेही बहुधा यातूनच. पाणी कधी भरपूर, कधी नाही, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. चुना टाकण्यापेक्षा आधी पाण्याची वेळ सांभाळा.

अर्धा ड्रम

निळा एचडीपीई (जाड, कडक प्लास्टिकचा) ड्रम घेताना पहिला प्रश्न: आत काय होतं? लोणचं, सरबताचा अर्क, फळांचा गर असेल तर घ्या. रंग, आम्ल, कीटकनाशक असेल किंवा विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर सोडा. कितीही धुतलात तरी तो भाजीच्या कामाचा नाही.

ड्रम आडवा कापण्याआधी दोरीने चौफेर खूण करा, नाहीतर कड तिरपी जाते. कटरने प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं, म्हणून जिगसॉ बरा. हाती हॅक्सॉ असेल तरी चालतं, वेळ लागतो एवढंच. बुचांच्या बाजूचा अर्धा भाग उलटा ठेवायचा असतो. दोन्ही बुचं काढून त्यावर प्लास्टिकची जाळी टाकली की निचऱ्याची सोय अर्धी झाली. दुसऱ्या भागाला तळाशी १० ते १२ मिमीची आठ-दहा भोकं पाडा आणि ती तळाच्या सगळ्यात खोल जागी पाडा. अनेक ड्रमांचा तळ मध्ये उचललेला असतो, तिथे भोकं पाडली तर पाणी कडेला साचून राहतं.

तळाला गिट्टी किंवा विटांचे तुकडे घालायची सवय सोडून द्या. निचरा त्याने सुधारत नाही. पाणी गिट्टीच्या वरच्या मातीत अडून राहतं, आणि स्लॅबवर फुकटचं वजन येतं. त्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंबाचा जो पाचोळा अंगणात पडतो तो दाबून तळाचा तिसरा हिस्सा भरा. वजन वाचतं. वर्षभरात तो कुजून मिश्रण खाली बसतं, तेव्हा वरून खत घालायला जागाही मिळते.

ड्रम विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, खाली हवा खेळली पाहिजे. बाहेरून पांढरा रंग लावा. प्लास्टिकवर रंग धरावा म्हणून आधी पॉलिश पेपरने घासून घ्या. पश्चिमेकडच्या बाजूला गोणपाट टांगला तरी बराच फरक पडतो.

वर्षभर टिकणारी वांगी, मिरची, कढीपत्ता, लिंबू, मांडवावर चढणारी दोडकी-कारली या सगळ्यांना ड्रमच द्या. लिटरमागे हिशेब केलात तर जुना ड्रम बॅगेपेक्षा स्वस्तच पडतो, कारण तो पुढची अनेक वर्षं बदलावा लागत नाही.

विटांचा वाफा

भाजीच्या दृष्टीने तिघांत हा सर्वांत चांगला. मुळं मोकळी पसरतात, ओल टिकते, आणि १२ चौरस फुटांत घरापुरती पालेभाजी निघते. तरीही गच्चीवर तो फार थोड्यांनी करावा. वजनाचं वर आलंच. दुसरं कारण गळती. वाफा थेट स्लॅबवर बांधला की मुळं आणि ओल वॉटरप्रूफिंगच्या भेगांत शिरतात, आणि खालच्या खोलीत पोपडे सुटल्यावर वाफा मोडण्याशिवाय इलाज उरत नाही.

करायचाच असेल तर आधी आठ दिवस गच्चीवर पाणी साठवून गळती तपासा. मग ड्रेन सेल, म्हणजे निचऱ्याच्या प्लास्टिक जाळ्या, त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड, आणि मग मिश्रण. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेच्या विटा इथे सहज मिळतात. त्या कडेवर उभ्या ठेवून दोन थर दिले की आठ इंच उंची होते, ४×३ च्या वाफ्याला ४० विटा पुरतात. सिमेंट लावू नका, पुढे उचलता आल्या पाहिजेत. गच्चीचा उतार ज्या बाजूला आहे तिकडच्या विटांमध्ये बोटभर फटी ठेवा. घरासमोर अंगण असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. तिथे दुसरा पर्याय बघूच नका, वाफाच करा.

माती आणि पाणी

नुसती काळी माती कोणत्याही भांड्यात भरू नका. पावसाळ्यात तिचा चिखल होतो, उन्हाळ्यात दगड. १५×१२ च्या दहा बॅगांसाठी १५ लिटरच्या बादलीने माप: माती ५, भिजवून फुगवलेलं कोकोपीट ५ (पाच किलोची एक वीट), पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ६, धानाचं तूस ३, कन्हानची रेती १. बॅगेमागे मूठभर निंबोळी पेंड. शेणखत अर्धकच्चं असेल तर त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते आणि झाड का वाळलं ते उपटल्यावरच कळतं. चिमटीत धरून वास घ्या, शेणाचा वास आला तर महिनाभर थांबा.

१५-२० भांड्यांपुढे गेलात तर ठिबक हवं. टाकी गच्चीवरून दोन मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.२ बार मिळतो. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी पाणी सारखंच सोडणारे) ड्रिपर त्यावर चालत नाहीत, साधे किंवा फिरवून कमी-जास्त करता येणारे घ्या. टायमरही सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा) नको, कमी दाबावर उघडणारा बॉल व्हॉल्व्हचा घ्या. १२० मेशचा फिल्टर लावाच. पाणी पहाटे सहाच्या आत सोडा. दुपारी काळ्या नळीतलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. बॅगांखाली थाळ्या ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा कोरड्या करा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

हिरवी नेट मार्चच्या मध्यापासून, फळभाज्यांवर ५० टक्के सावलीची, पालेभाज्यांवर ७५ ची, आठ फूट उंच. मेअखेरच्या वादळात घट्ट ताणलेली नेट खांबासकट उडते. दोन बाजूंनी ओढून सोडता येईल अशी बांधा.

कोणी काय घ्यावं

पहिलंच वर्ष असेल तर सप्टेंबरात १५×१२ च्या आठ आणि २४×९ च्या दोन बॅगा, बस. टमाटरची रोपं ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावा. मार्चनंतर पारा ३५ च्या वर राहू लागला की फूल येतं पण फळ धरत नाही, त्यामुळे जानेवारीत लावलेल्या टमाटरकडून फार अपेक्षा ठेवू नका. सुट्ट्यांत पंधरा दिवस गावाला जाणारं कुटुंब असेल तर बॅगा एप्रिलमध्ये रिकाम्या करून मिश्रण गोणीत सावलीला ठेवा आणि जूनअखेर पुन्हा भरा.

घरात उन्हाळाभर माणूस असेल, गच्ची स्वतःची असेल, तर दुसऱ्या वर्षी कठड्यालगत चार अर्धे ड्रम वाढवा: दोन वांग्यांना, एक मिरचीला, एक वेलाला. सगळ्या बॅगा टाकून ड्रमांवर जायची गरज नाही. मेथी-सांबाराला १०० लिटर माती म्हणजे उधळपट्टीच.