बाळाचे झटके: एसीटीएच, प्रेडनिसोलोन की व्हिगाबॅट्रिन?

माझ्या भाचीचं बाळ सहा महिन्यांचं होतं. राहायला कळव्यात. झोपेतून उठलं की मान खाली जायची, दोन्ही हात उडायचे, क्षणात सुटायचं आणि पुन्हा तेच, ओळीने दहा-बारा वेळा. घरात वाटलं पोटात कळ येतेय. हिंग लावून झाला, दृष्ट काढून झाली. बाळ हसेनासं झालं तेव्हा भाचीने मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) झाला आणि नाव कळलं: इन्फंटाइल स्पाझम्स. 1841 साली वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरने स्वतःच्याच मुलाच्या अशा झटक्यांचं वर्णन केलं, म्हणून याला वेस्ट सिंड्रोमही म्हणतात.

झटके दिसायला किरकोळ असतात, पण दोन झटक्यांच्या मधेही मेंदूतला गोंधळ थांबलेला नसतो, तोही नेमका मेंदू शिकण्याच्या वयात. उपचाराला जितका उशीर, तितकी वाढ मागे राहण्याची भीती जास्त. आकडीची नेहमीची औषधं इथे फारशी चालत नाहीत. त्यातल्या कार्बामाझेपिनने तर झटके वाढू शकतात.

आता निवड. बाळाला ट्यूबरस स्क्लेरोसिस असेल (अंगावर पांढुरके चट्टे, हृदयात किंवा मेंदूत गाठी), तर प्रश्न जवळपास सुटलाच: व्हिगाबॅट्रिन. त्या आजारात ते फार चांगलं काम करतं.

तो आजार नसेल, तर मी हार्मोनच्या, म्हणजे एसीटीएच किंवा प्रेडनिसोलोनच्या बाजूने आहे. 2004 साली ब्रिटनमधला 107 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांत हार्मोन घेणाऱ्या 73 टक्के बाळांचे झटके थांबले, व्हिगाबॅट्रिन घेणाऱ्यांपैकी 54 टक्क्यांचे. पुढे 14 महिन्यांच्या वयाला झटक्यांच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. पण ज्यांच्या झटक्यांचं कारणच सापडलं नव्हतं, त्या बाळांची वाढ हार्मोनच्या गटात चांगली होती. माझ्यासाठी हा निष्कर्ष सगळ्यात वजनदार.

हार्मोनमध्ये दोन वाटा. एसीटीएच म्हणजे मांडीत इंजेक्शन, महाग, आणि दर वेळी टोचून घ्यायला जाणं आलं. प्रेडनिसोलोन तोंडाने देता येतं, स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही मिळतं. त्या अभ्यासात दोन्हींच्या निकालात ठोस फरक दिसला नाही. तेव्हा एसीटीएचची सोय व्हायला चार दिवस लागणार असतील, तर प्रेडनिसोलोन आज रात्री सुरू करता येईल का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. डोस बघून छाती दडपते: अभ्यासात दिवसाला 40 मिलिग्रॅम होता. घाबरून स्वतःच्या मनाने कमी करू नका, आणि एकदम बंद तर कधीच नाही.

त्रास हार्मोन आणि व्हिगाबॅट्रिन दोन्हीकडे आहे. हार्मोनवर (प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडच) बाळ चिडचिडं होतं, सारखं भुकेलं, तोंड सुजतं, रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्ग पटकन होतो. घरात कुणाला टीबी असेल तर आधीच सांगा. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लसही पुढे ढकलावी लागते, म्हणून आरोग्य केंद्रात जाताना औषधाची चिठ्ठी सोबत न्या. व्हिगाबॅट्रिनने पेंग येते. पण खरी काळजी डोळ्यांची: कडेचं दिसणं कमी होऊ शकतं, आणि गेलेलं परत येत नाही. म्हणून ते शक्यतो सहा महिन्यांच्या आत थांबवतात.

हार्मोन आणि व्हिगाबॅट्रिन एकत्र द्यायची का, असंही विचारलं जाईल. 2017 च्या अभ्यासात एकत्र दिल्यावर 72 टक्के बाळांचे झटके थांबले, नुसत्या हार्मोनने 57 टक्के. पण 18 महिन्यांच्या वयाला वाढीत फरक दिसला नाही. भाचीने एकच सुरू केलं, मला ते पटलं.

ठाण्यात बालमेंदूविकारतज्ज्ञाची वेळ लगेच मिळत नसेल, तर परळच्या वाडिया या मुलांच्या रुग्णालयात जा. औषध सुरू झालं की दोन आठवड्यांनी पुन्हा ईईजी करून घ्या, आणि त्यात बाळाच्या झोपेचा भाग हवाच. झटके दिसेनासे झाले पण आलेख तसाच असेल, तर पुढचं औषध कोणतं हे त्याच दिवशी विचारा.