मामांच्या ॲम्बॅसिडरचं इंजिन आता हवा भरतं

आमचं काम दगडी देवळांच्या दुरुस्तीचं. वेल्ह्याकडे एक काम घेतलं. तिथं थ्री-फेज सोडाच, साधी लाइटही दुपारी मान टाकते. काळ्या पाषाणावर हवेच्या दाबावर चालणारे दोन हातोडे दिवसभर चालायला हवेत. ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर भाड्यानं आणून पाहिला. तो विहिरी फोडायच्या कामाचा, आमच्या नक्षीला त्याचा काय उपयोग? घरी मामांच्या भंगारात गेलेल्या ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन पडून होतं. बायको वर्षभर विचारत होती, "ह्याचं काय लोणचं घालायचंय?"

भोसरीत एका गल्लीत एक मिस्त्री असं इंजिन अर्धं इंजिन, अर्धं कॉम्प्रेसर करून देतात असं कळलं. दुकानाला पाटी नाही. "नाव कुठं टाकू नका, मग लोक येतात," असं त्यांनी बजावलंय, म्हणून टाकत नाही. पुण्यात गिऱ्हाईक नकोसं असलेलं दुकान ही काही नवलाची गोष्ट नाही. कल्पनाही नवी नाही. अमेरिकेत श्रॅम नावाची कंपनी अशी यंत्रं कारखान्यातूनच बनवून विकायची. पण हडपसरला कॉम्प्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक असताना भोसरीत हा उद्योग करायचा म्हणजे धाडसच.

त्यांनी केलं ते असं. एक आणि चार नंबरचे सिलिंडर पेट्रोलवर चालतात, दोन आणि तीन नंबरचे नुसती हवा दाबतात. चार सिलिंडरच्या इंजिनात एक-चार बरोबर वर-खाली होतात आणि दोन-तीन त्यांच्या उलट. म्हणजे स्फोटानं एक नंबर खाली ढकलला जातो, नेमके तेव्हाच दोन आणि तीन हवा दाबत वर येतात. पुढच्या फेरीला तेच काम चार नंबर करतो. मला वाटलं होतं दोन सिलिंडर बंद म्हणजे इंजिन लंगडत चालेल. छे! संथ, गोल आवाज.

खरी गंमत हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात. ह्या इंजिनात इनटेकची, म्हणजे हवा-पेट्रोल आत घ्यायची, तोंडं सामाईक, एक-दोनचं एक आणि तीन-चारचं एक. तिथून हवा घेतली तर कार्ब्युरेटरचं पेट्रोलही कॉम्प्रेसरमध्ये ओढलं जाईल, म्हणजे टाकीत बाँबच. पण मधलं एक्झॉस्टचं, म्हणजे धूर बाहेर सोडायचं, तोंड फक्त दोन आणि तीनचं आहे. मिस्त्रींनी त्या दोघांचे पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, काढले, एक्झॉस्ट व्हॉल्व्हना नरम स्प्रिंगा घातल्या आणि मधल्या तोंडावर एअर फिल्टर बसवला. पिस्टन खाली गेला की व्हॉल्व्ह ओढीनं आपोआप उघडतो. दाबलेली हवा प्लगच्या भोकातून, हवा परत येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून बाहेर. हे मी तिथं स्टुलावर बसून दोनदा समजावून घेतलं. चहा त्यांचाच.

पण पहिल्यांदा आणलं तेव्हा साइटवर फजिती झाली. हिशेब सरळ होता. दोन सिलिंडरचे ७४५ सीसी, दीड हजार फेऱ्या, म्हणजे मिनिटाला अकराशे लिटर, कागदावर ३९ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ३९ घनफूट. प्रत्यक्षात एक हातोडा चाले, दुसरा लावला की दाबाचा काटा सहावरून घसरत चारवर. परत टेम्पोत घालून भोसरी. मिस्त्रींनी हेड उघडलं आणि स्वतःच कपाळाला हात लावला. पिस्टन वर टेकल्यावर हेडमध्ये जी पोकळी उरते, तिथली दाबलेली हवा बाहेर जातच नाही. पिस्टन खाली येताना तीच फुगते आणि नव्या हवेला जागा देत नाही. इंजिनाला ती पोकळी हवी, कॉम्प्रेसरला ती वैरी. मग दोन्ही पिस्टनांवर पोकळीच्या आकाराची ॲल्युमिनियमची टोपी बसवली. ह्याचे पैसे घेतले नाहीत. आता दोन्ही हातोडे चालतात आणि काटा सहाच्या खाली क्वचितच येतो.

टाकी नवी आहे, पाणी भरून दीडपट दाबाला माझ्यासमोर टेस्ट केली. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. गरम हवा थंड करायला रेडिएटरपुढे तांब्याची गुंडाळी दिली आहे, ती रोज पुसावी लागते.

तक्रारी आहेतच. पंधरा दिवस सांगून अडीच महिने लावले. टाकी भरल्यावर कॉम्प्रेसर आपोआप सुटा होण्याची सोय दिलीच नाही, नुसता हाताचा कॉक. पोऱ्या जेवायला गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्ट्या मारत बसतो. पेट्रोल तासाला साडेतीन लिटरच्या आसपास, तेव्हा रोज आठ तास चालवायचं असेल तर डिझेलवालंच घ्या. हवेबरोबर इंजिनचं तेल येतं. हातोड्याला ते चालतं, पण ह्यावर स्प्रे पेंटिंग करू नका, गाडीच्या बॉनेटवर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे उमटतील.

मजुरी अडतीस हजार, टाकी वेगळी. साडूच्या दारात प्रीमियर पद्मिनी सडते आहे, तिचं विचारायला फोन केला. मिस्त्री म्हणाले, "काका, इंजिन नका आणू. आधी नुसतं हेड आणा, तोंडं बघू, मग बोलू."